आधी पावलं मोज

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ दहा मिनिटं खेळून तू कळवलंस की बटण दाबल्यावर राजपुत्र उशिरा हलतो, धावताना कड्यावर थांबत नाही, आणि म्हणून हा गेम आता खेळण्यासारखा राहिलेला नाही. पहिल्या दोन गोष्टी तू अचूक पकडल्यास. तिसरी मला पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहिते, कारण जुने गेम उघडायला लागलीस की हा प्रश्न तुला पुन्हा पुन्हा पडणार आहे.

आधी त्याच्या उशिरा हलण्याबद्दल. जॉर्डन मेकनरने हा गेम १९८९ साली ॲपल टू या संगणकासाठी केला. हालचाल खरी वाटावी म्हणून त्याने धाकट्या भावाला धावताना, उड्या मारताना व्हिडिओवर टिपलं आणि त्यातली एकेक चौकट उतरवून काढली. तलवारबाजीसाठी १९३८ च्या रॉबिन हूडच्या चित्रपटातलं द्वंद्व समोर ठेवलं. त्यामुळे इथली प्रत्येक हालचाल म्हणजे चित्रांची एक ठरलेली माळ आहे आणि ती सेकंदाला साधारण १२ चित्रांच्या गतीने सरकते. एक माळ तिच्या टप्प्यावर आल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही. १९८५ चा मारिओ सेकंदाला ६० वेळा बटणांकडे बघतो, हवेत असतानाही त्याला मागे वळवता येतं. राजपुत्राचे पाय जमिनीवरून सुटले की तुझ्या हातात एकच गोष्ट उरते: शिफ्ट दाबून समोरचा कडा पकडणं. धावता धावता उडीचं बटण दाबलंस तर उडी पुढच्या पावलाला सुरू होते. कड्यावर पोचल्यावर बटण दाबणारा म्हणूनच खाली जातो. पाऊलभर आधी दाबायचं.

आता मापं. प्रत्येक पडदा आडवा १० फरशांचा आणि उभा ३ मजल्यांचा आहे. शिफ्ट धरून बाणाचं बटण दाबलंस की तो जपून एक पाऊल टाकतो आणि कड्याशी आल्यावर थबकतो. तिथेही दाबतच राहिलीस तर मात्र पडेल. अनोळखी खोलीत शिरल्यावर आधी असं चालून कडा शोध, मग मागे वळून दोन-तीन फरशांची धाव घे आणि उडी मार. एक मजला खाली उतरलं तर काही होत नाही, दोन मजले पडलं तर एक जीव जातो, तीन मजले पडलं तर खेळ खलास. सुरुवातीला जीव तीनच असतात. जमिनीतून वर येणाऱ्या भाल्यांतून शिफ्टच्या पावलांनी बिनधास्त जाता येतं, धावत गेलं की मरण. सुटी फरशी ओळखायची तर जागच्या जागी वर उडी मार, सुटी असेल ती हलते. कापणाऱ्या दोन पात्यांच्या अगदी जवळ जपून जाऊन उभी राहा, पाती उघडली की एक पाऊल पलीकडे.

तलवार पहिल्याच लेव्हलमध्ये सापडते. ती घेतल्याशिवाय पहारेकऱ्यासमोर गेलीस तर एका वारात संपशील. लढताना शिफ्टने वार आणि वरच्या बाणाने अडवणं. सगळे नवखे शिफ्ट बडवत सुटतात आणि तिथेच हरतात. समोरच्याचा वार येऊ दे, अडव, आणि लगेच उलटा वार कर. खालच्या बाणाने तलवार म्यान होते. हे शेवटचं बटण विसरू नकोस.

शिफ्टवरून आठवलं. विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की ‘स्टिकी कीज’ची खिडकी उघडते, आणि उजवं शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवलं की ‘फिल्टर कीज’ची. म्हणजे ऐन लढाईत पहिली येणार आणि कड्याला लटकलेली असताना दुसरी. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथे दोन्हींचे शॉर्टकट बंद करून टाक. दुसरी अडचण स्वस्त कीबोर्डची. काहींना शिफ्ट, वरचा बाण आणि बाजूचा बाण अशी तीन बटणं एकदम कळत नाहीत. एखादी उडी तुझी चूक नसतानाही सारखी फसत असेल तर एक साधं जॉयपॅड जोडून बघ.

तू डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीसाठीची आवृत्ती ब्राउझरमध्ये उघडलीस, तिथे बटण आणि पडदा यांच्यात आणखी थोडा उशीर मिसळतो. त्याऐवजी ‘एसडीएलपॉप’ उतरवून घे. डॉस आवृत्ती उलगडून चाहत्यांनी नव्याने बांधलेली ही प्रत आहे. चाल तीच, पण आजच्या संगणकावर सरळ चालते. तिच्या सेटिंगमध्ये चित्राचं योग्य प्रमाण राखण्याचा पर्याय आहे, तो चालू कर. मूळ चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं, पण ते ४ : ३ आकाराच्या पडद्यावर दिसायचं, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा १.२ पट उंच. लॅपटॉपच्या रुंद पडद्यावर ताणलं की राजपुत्र जाडा दिसतो आणि उडीचं अंतर डोळ्याला फसवतं. टीव्हीला जोडणार असशील तर टीव्हीचा ‘गेम मोड’ लाव, नाहीतर चित्र सुधारण्याच्या नादात तोही वेळ खातो.

काळाच्या ओघात खरंच काय उतरलंय, तेही सांगते. गेममध्ये प्रयत्न हवे तितके, पण घड्याळ एकच: १२ लेव्हलसाठी ६० मिनिटं. मेलं की लेव्हल पहिल्यापासून आणि गेलेली मिनिटं गेलीच. स्पेसबार दाबला की उरलेला वेळ दिसतो. ही घड्याळाची कल्पना मला आजही फार मोलाची वाटते. तिच्यामुळेच जपून टाकलेल्या प्रत्येक पावलाला किंमत येते, कारण जपणं म्हणजे वेळ खर्चणं. पण मूळ गेममध्ये तिसऱ्या लेव्हलपासून पुढेच कंट्रोल-जी दाबून साठवता येतं, आणि साठतं ते लेव्हलच्या सुरुवातीपासूनचं. एका चुकीसाठी तेच चार पडदे पुन्हा चालत जायचे, यात शिकण्यासारखं काही नाही; तो भाग खरोखर जुना झालाय. एसडीएलपॉपमध्ये एफ६ने कुठेही साठवता येतं आणि एफ९ने परत येता येतं. ते वापर, फक्त दर उडीआधी नको. एखादा दरवाजा किंवा एखादा पहारेकरी पार झाला की एकदा, इतपत ठीक. सेटिंगच्या फायलीत एकूण वेळही बदलता येतो. पहिल्या खेपेला ९० मिनिटं ठेव आणि दुसऱ्या खेपेला ६०वर ये. पहिल्या लेव्हलनंतर मूळ गेम छापील पुस्तिकेतलं अक्षर विचारायचा, त्या अक्षराची कुपी प्यायची, चुकीची प्यायली की संपलं. ती नकल थांबवण्याची युक्ती होती, ती बंद ठेवलीस तर खेळाचं काहीही कमी होत नाही.

आणि चौथ्या लेव्हलपर्यंत तरी नक्की जा. तिथे आरसा आहे. त्यातून धावत उडी मारून जावं लागतं, आणि पलीकडे तुझ्यातून एक सावली सुटून निघून जाते. ॲपल टूच्या स्मृतीत नव्या शत्रूची चित्रं मावत नव्हती, म्हणून राजपुत्राच्याच चित्रांवर एक साधी गणिती क्रिया करून ही सावली तयार झाली. पुढे ती तुझी कुपी पिऊन जाते, दरवाजा तुझ्या तोंडावर लावून घेते. आजच्या मोठमोठ्या गेममध्ये इतक्या थोडक्यात उभा राहिलेला वैरी मला तरी विरळा दिसतो.

हाच मापाचा मुद्दा १९९६ च्या ‘टूम रेडर’ला लागू आहे. २०२४ साली त्याची नवी आवृत्ती आली, त्यात जुनी आणि नवी अशा दोन्ही तऱ्हेची नियंत्रणं आहेत. तू साहजिकच नवी निवडशील, जुनी निवड. ते सगळं जग चौकोनी ठोकळ्यांवर बांधलेलं आहे. उभ्याने उडी एक ठोकळा, धावत दोन, धावत उडी मारून कडा पकडला तर तीन. कड्याशी येऊन मागे एक उडी घ्यायची, तिथून धावायला लागून उडीचं बटण धरून ठेवायचं, गेमची नायिका लारा बरोबर कड्यावरून झेपावते. नव्या नियंत्रणांत हा हिशेब हातातून निसटतो आणि मग तोच गेम विनाकारण बेभरवशाचा वाटतो. चित्रं मात्र एफ१ने नवी-जुनी करत राहा, अंधाऱ्या गुहांत ते उपयोगी पडतं.

‘टेट्रिस’बद्दल थोडक्यात. आजच्या आवृत्त्यांत सातही आकार पिशवीतून काढल्यासारखे एकेकदा येतात, सातही संपले की पिशवी पुन्हा भरते, त्यामुळे दोन लांब दांड्यांच्या मध्ये जास्तीत जास्त १२ दुसरे तुकडे. निन्तेंदोच्या १९८९ च्या टेट्रिसमध्ये तशी हमी नाही, तुकडा बाजूला राखून ठेवायची सोय नाही, पुढचा तुकडा एकच दिसतो. दांडीची वाट बघत डावीकडे उभी खाच सोडून बसू नकोस.

राहिला बाबांचा ‘कॉन्ट्रा’. त्यांना तो आता झपाट्याने चाललाय असं वाटतं, आणि ते वयामुळे नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे गेम मिळायचे, ते बहुतेक निन्तेंदोच्या फॅमिकॉम या गेमयंत्राच्या नकला. कॅसेटमधले गेम जपान-अमेरिकेच्या ६० चित्रांच्या टीव्हीसाठी लिहिलेले, आपला पाल या प्रसारण पद्धतीचा टीव्ही सेकंदाला ५० चित्रांचा. त्या हिशेबाने बांधलेल्या यंत्रावर सगळा खेळ एक षष्ठांशाने मंद चालायचा, संगीतासकट. एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, प्रदेश निवडायची जागा असते, तिथे ‘डेंडी’ लाव. रशियातल्या अशाच नकलेचं ते नाव आहे. मग त्यांच्या हाताला ओळखीचा वेग मिळेल. तू मात्र ६०वरच खेळ.

रविवारी सुरू कर. पहिल्या दोन लेव्हल धावायची घाई न करता खेळ. तिसऱ्या लेव्हलवरचा सांगाडा तलवारीने मरत नाही, वार करत त्याला कड्यावरून खाली रेटावं लागतं. बाराव्या लेव्हलवर सावली तलवार उपसून समोर येईल. ती चौथ्या लेव्हलवर कुठून निघाली ते आठव, आणि तिला केलेला वार कोणाच्या जिवातून वजा होतो त्याच्याकडे लक्ष ठेव. त्यानंतर तू कोणतं बटण दाबलंस ते मला कळव.

तुझी,
आई