उंदीर म्हातारा होईपर्यंत तरी फेलोशिप टिकू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात ज्येष्ठ नागरिकांच्या सत्काराचा फोटो होता, शाल, श्रीफळ, गुच्छ, सगळं नेहमीचं. फोटो छान आलाय, तक्रार काही नाही, पण माझ्याकडे अशा सात शाली झाल्यात आणि बडोद्यात थंडी पडते ती मोजून वीस-पंचवीस दिवस. त्या शालींच्या पैशातून म्हातारपणावर संशोधन करणाऱ्या मुलांना कशी मदत करता येईल ते सुचलंय म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, जागा नसेल तर वरचं कापा, खालचं ठेवा.

मी बहात्तर वर्षांची, बँकेत चौतीस वर्षं काढली, राहते दांडिया बाजारात. रोज सकाळी कमाटीबागेत आमचा एकतीस जणांचा ग्रुप असतो, निम्मे मराठी निम्मे गुजराती, फिरणं कमी आणि बाकड्यावर बसणं जास्त. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली, खांद्यावर सॅक, हातात फाइल, म्हणाली काकू मी म्हातारपणावर पीएचडी करतेय, तुमची मूठ मोजू का. आम्हाला आधी वाटलं काहीतरी विकायला आलीय. तिने सॅकमधून ते यंत्र काढलं, हँड डायनॅमोमीटर म्हणतात, दिसायला जाड सांडशीसारखं आणि वर घड्याळासारखी तबकडी, मूठ आवळली की काटा किलोत वर जातो आणि एक दुसरा काटा तिथेच थांबून राहतो म्हणजे लबाडी करता येत नाही. दोन्ही हातांनी तीन तीन वेळा आवळायचं, सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. मग प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं, तीन मीटर चालायचं (खूण म्हणून तिने वीट ठेवलेली), वळून परत येऊन बसायचं, ती मोबाइलवर सेकंद मोजायची. पुरुषमंडळींना तर खेळच मिळाला, एक काका श्वास रोखून तोंड लालबुंद करायचे आणि कमी आकडा आला की म्हणायचे आज गाठिया नाही खाल्ले. तिचं नाव पडलं मुठीवाली.

माझा आकडा आला साडेएकोणीस. सहा महिन्यांनी परत आली तेव्हा अठरा. मी म्हटलं दीड किलोने काय होतंय, तर ती म्हणाली काकू एका आकड्यावरून सगळं कळत नाही, उतरतोय किती वेगाने तेही बघावं लागतं. आमच्यातल्या एका बेनचा बावीसवरून सतरा झाला होता, तिने सांगितलं घरी वजन करून बघा, केलं तर सहा किलो उतरलेलं, आणि घरात सून मुलगा नातवंडं सगळी असून कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं कारण साडीत दिसत नाही.

तिसऱ्या वेळेला ती आलीच नाही. वाट बघून फोन केला तर म्हणाली, काकू माझी फेलोशिप संपली, मी आता एका क्लासमध्ये नीटच्या मुलांना बायॉलॉजी शिकवते, पहिल्याच महिन्यात दुप्पट मिळाले. तिला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही, घरी वडील रिटायर्ड आणि भाऊ अजून शिकतोय.

मग मी चौकशी केली, बँकेतली सवय आहे, आकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. तिला होती ती राज्य सरकारची शोध योजना, महिन्याला १५ हजार आणि वरखर्चाला वर्षाचे २० हजार, मुदत दोन वर्षं. योजना चांगलीच आहे, नसती तर ती पोरगी एवढंही करू शकली नसती. पण यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या आयोगाचा, नियम काय तर पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं लागलीच पाहिजेत. म्हणजे पैसे दोन वर्षांचे आणि काम किमान तीन वर्षांचं, हा हिशोब कोणी कसा मांडला ते मला कळलेलं नाही, आमच्या शाखेत असं कर्ज मंजूर केलं असतं तर ऑडिटरने उभं केलं असतं. नेटची देशभरची परीक्षा पास होऊन जेआरएफ, म्हणजे केंद्राची फेलोशिप, मिळाली तर बरं असतं, १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७ हजार झालेत आणि पुढे सीनियर झाल्यावर ४२ हजार, पण ती मिळते थोड्यांना, आणि जी मुलं एखाद्या प्रोजेक्टवर लागतात त्यांचा पगार प्रोजेक्ट संपला की संपतो, बहुतेक प्रोजेक्ट तीन वर्षांचे. शिवाय मधले हप्ते यायला उशीर होतो तो वेगळाच, वरून सर्टिफिकेट गेलं नाही, खालून सही राहिली, आणि इकडे पोरगं घरभाडं उसनं काढून भरतंय.

कोणी म्हणेल सगळ्याच विषयांत असंच आहे, म्हाताऱ्यांचंच काय कौतुक. तर तसं नाहीये. या विषयात वेळ हाच कच्चा माल आहे. मुठीवालीची एक मैत्रीण दुसऱ्या गावी उंदरांवर काम करते, तिच्याकडून कळलं की प्रयोगशाळेतला उंदीर जगतो साधारण दोन ते तीन वर्षं, म्हणजे आज जन्मलेला उंदीर म्हातारा होईपर्यंत तिची फेलोशिप शेवटच्या टप्प्यात आलेली असते, मग निकाल कधी बघणार, लिहिणार कधी, आणि मध्ये साथ येऊन उंदीर मेले तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून बरीच मुलं अळीवर (म्हणजे मातीतला बारीकसा कृमी) किंवा फळमाशीवर काम करतात, अळी दोन-तीन आठवड्यांत म्हातारी होते, माशी दोन-तीन महिन्यांत. त्यातूनही मोठ्या गोष्टी निघाल्यात, १९९३ मध्ये सिंथिया केनयन यांनी दाखवलं की एका जीनमधल्या बदलाने अळीचं आयुष्य दुप्पट होतं. पण सगळ्यांनी अळीवरच थांबायचं का, माझा गुडघा काही अळीचा नाही. अमेरिकेत म्हातारपणाच्या अभ्यासाची वेगळी सरकारी संस्था १९७४ पासून आहे आणि ती आधीच म्हातारे झालेले उंदीर पाळून संशोधकांना पुरवते, म्हणजे नव्या पोराला पहिली दोन वर्षं उंदीर वाढवण्यात घालवावी लागत नाहीत. मला ही आयडिया फार आवडली. तिथे एक ग्रँटही अशी आहे की पहिली एक-दोन वर्षं गुरूच्या हाताखाली आणि नंतरची तीन स्वतःची लॅब काढल्यावर, मिळून पाच, म्हणजे नोकरी मिळेपर्यंत पोरगं अधांतरी लटकत नाही.

आणि माणसांवरच्या अभ्यासाला तर वेळ आणखीच लागतो, तीच माणसं परत परत मोजावी लागतात. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्योर नावाचा अभ्यास आला होता, १७ देशांतली जवळपास १ लाख ४० हजार माणसं, त्यात आपला देशही होता, आणि निघालं काय तर मुठीची ताकद पाच किलोने कमी असली तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त, आणि मृत्यूचा अंदाज ब्लडप्रेशरच्या वरच्या आकड्यापेक्षाही मुठीवरून चांगला येत होता. ते कळायला या माणसांच्या मागे साधारण चार वर्षं राहावं लागलं. आपल्याकडे लासी म्हणून देशभरचा सर्व्हे आहे, मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने केलेला, पहिली फेरी २०१७-१८ ची, ४५ च्या वरची ७२ हजार माणसं, त्यातही मूठ मोजलीय. आणि पुण्याच्या केईएम हॉस्पिटलने १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बाया आणि मग त्यांची मुलं धरून ठेवलीयत, एवढी वर्षं, म्हणजे आपल्याला जमत नाही असं अजिबात नाही. एकदा मोजून सोडून देणं म्हणजे रिकरिंग डिपॉझिट दुसऱ्या हप्त्यानंतर मोडण्यासारखं आहे, मुद्दल हातात येतं पण ज्यासाठी खातं उघडलं ते राहूनच जातं. आमचे एकतीस जणांचे दोन-दोन आकडे तिच्या फाइलीत आहेत, तिसरा रकाना कोरा.

बडोद्याच्या माणसाला हे खरं तर समजावून सांगायची गरज नसावी. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, हे आपण दरवर्षी भाषणात ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. पुढचं कोणी फारसं सांगत नाही. १९१७ मध्ये त्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना इथे परत यावं लागलं, या गावाने त्यांना राहायला जागाही दिली नाही, आणि आम्ही जिथे गप्पा मारत बसतो त्याच बागेत ते झाडाखाली बसले होते. लंडनला परत जायला १९२० उजाडलं, तेही स्वतःची बचत आणि शाहू महाराजांची मदत मिळून, डीएस्सी झाली १९२३ मध्ये. एवढा मोठा माणूस होता म्हणून परत गेला हो, मुठीवाली कशी परत जाणार.

आता पैशाचं. आमच्या ग्रुपात एकतीस जण, प्रत्येकाने महिन्याला पाचशे काढले तर साडेपंधरा हजार होतात, म्हणजे सरकार देत होतं त्यापेक्षा पाचशे जास्तच. बागेत विषय काढला, दोघे-तिघे सोडले तर सगळे तयार झाले (जे नाही म्हणाले तेच सगळ्यात जास्त फाफडा खातात, असो). मी आणि एक काका ती जिथे शिकत होती त्या संस्थेत गेलो, नाव लिहीत नाही. क्लार्क चांगला होता, पाणी दिलं, पण म्हणाला आजी, असं हेडच, म्हणजे हिशोबातलं खातंच, नाहीये, देणगी घेऊ पण ती इमारत निधीत जाईल नाहीतर पारितोषिक निधीत, एका विद्यार्थ्याच्या चालू खर्चाला तुम्ही नाव घालून देऊ शकत नाही. पारितोषिक म्हणजे वर्षातून एकदा स्टेजवर पाकीट. आम्ही परत आलो.

तर माझी मागणी अगदी बारीक आहे. संस्थांनी असं एक हेड उघडावं, त्याला काय नाव द्यायचं ते द्या, ज्यातून फेलोशिप संपली पण काम संपलेलं नाही अशा मुलाला वर्ष-दीड वर्ष पुलासारखे पैसे मिळतील, आणि ते दर महिन्याच्या पाच तारखेला मिळतील. कोणाला द्यायचं ते तिथल्या प्रोफेसरांनी ठरवावं, आम्हाला त्यात नाक खुपसायचं नाही. त्यात आमच्यासारखे पाचशेवाले येतील आणि कंपन्यांनीही यावं. बडोद्याच्या आजूबाजूला रिफायनरीपासून मकरपुऱ्याच्या कारखान्यांपर्यंत काय कमी आहे का. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सीएसआरला, म्हणजे समाजाच्या कामाला, द्यावेच लागतात, आणि सरकारी विद्यापीठांतल्या संशोधनाला दिलेले पैसेही त्यात धरले जातात, तरी आम्हाला मिळतं काय तर कंपनीचं नाव लिहिलेलं सिमेंटचं बाकडं. बाकडी पुरे झाली. केंद्रानेही २०२३ मध्ये संशोधनाला पैसे देणाऱ्या अनुसंधान फाउंडेशनचा कायदा केला, पाच वर्षांत ५० हजार कोटी म्हणून सांगितलं आणि त्यातला मोठा हिस्सा सरकारच्या बाहेरून यायचा आहे, मग बाहेरून म्हणजे कुठून, इथूनच ना.

आणि मराठी मंडळांना एक विनंती, दहावी-बारावीच्या नव्वद टक्केवाल्यांचे सत्कार जरूर करा, पण त्या पोरांना दार सगळीकडे उघडं आहे. एकोणतीस-तीस वर्षांची मुलगी जिचं लग्न ठरवायला घरचे मागे लागलेत आणि थिसिस अर्धा आहे, तिला कोणी हार घालत नाही. लग्न-बाळंतपणात खंड पडलेल्या बायकांसाठी केंद्राची वाइज-किरण योजना आहे, ती तरी मंडळाच्या नोटीस बोर्डावर लावा.

मुठीवालीशी परवा बोलले. म्हणाली रविवारी सकाळी क्लास नसतो, यंत्र संस्थेत जमा केलंय, ते कोणी उसनं दिलं तर येऊन तिसरा आकडा घेऊन जाईन, फुकट. फुकट नको म्हटलं मी तिला. बडोद्यात कोणाकडे, एखाद्या फिजिओथेरपिस्टकडे वगैरे, असं यंत्र असेल तर कृपया तुमच्या कार्यालयात कळवावं, आम्ही साडेसहा ते आठ बँडस्टँडच्या बाजूच्या बाकड्यांवर असतो आणि खुर्ची आमची आहे.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा