लाओसच्या शेतांत अजून बॉम्ब आहेत

महोदय,

अमेरिकेने लाओसविरुद्ध कधीच युद्ध पुकारले नव्हते. तरीही १९६४ ते १९७३ या काळात त्या छोट्याशा देशावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले, तेही स्वतःच्या जनतेला अंधारात ठेवून. व्हिएतनाम युद्धात उत्तर व्हिएतनाम लाओसमधून जाणाऱ्या हो ची मिन्ह मार्गाने दक्षिणेकडे रसद पाठवत असे; ती तोडायची, कम्युनिस्टांना रोखायचे, ही कारणे. क्लस्टर बॉम्ब म्हणजे हवेत उघडून शेकडो छोटे स्फोटक गोळे विखुरणारा बॉम्ब. त्यातले कोट्यवधी गोळे तेव्हा फुटलेच नाहीत. चेंडूएवढे, मातीने माखलेले. शेतात कुदळ मारताना ते आजही फुटतात. पोरे खेळणे समजून उचलतात. युद्धानंतर वीस हजारांहून अधिक माणसे अशी मेली किंवा जायबंदी झाली. आणि ही काही सैनिक नव्हेत, शेतकरी आणि मुले!

२०१६ मध्ये ओबामांनी तिथे जाऊन सफाईसाठी तीन वर्षांत ९ कोटी डॉलर जाहीर केले. माफी मात्र मागितली नाही. २०२३ मध्ये अमेरिकेने युक्रेनला क्लस्टर बॉम्बच पुरवले. या शस्त्रांवरील २००८ च्या बंदी करारावर तिची सही नाही. आपलीही नाही, याचा मला खेद वाटतो. भारताने आता सही करावी आणि लाओसमधला शेवटचा गोळा निघेपर्यंतचा खर्च अमेरिकेने उचलावा, अशी मागणीही करावी.

– एक वाचक, पुणे