सोळा तारखेला तो जिवंत होता

मा. संपादक,
सप्रेम जयभीम.

विजय दिवसाच्या कालच्या पानावर माझ्या मोठ्या भावाला पाव पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार. एवढी जागा आमच्या गावाला पुराच्या वेळीसुद्धा मिळाली नव्हती. अंक आमच्याकडे दुपारच्या एसटीने येतो. वाचून होईतो संध्याकाळ झाली, रात्री झोप लागली नाही, म्हणून आज लिहायला बसलो.

गावाचं नाव बरोबर छापलंय. आडनावही बरोबर आहे. पुढे मात्र कोणाची गोष्ट सांगताय तेच कळेना. ‘मराठा रेजिमेंटचा वाघ’ असा मथळा आहे. दादा महार रेजिमेंटचा. त्याचं ट्रेनिंग मध्य प्रदेशात सागरला झालं, बेळगावला नाही. मराठा पलटणीबद्दल आदर आहे, त्याच एकाहत्तरच्या लढाईत जमालपूरला त्यांनी नाव काढलं. पण माणूस ज्या पलटणीत राहिला आणि मेला, ती परस्पर बदलू नये. फोटोत टोपीवरचा बिल्ला दिसतो, दोन मशीनगन आणि मध्ये खंजीर. दिसत होता म्हणायला हवं, कारण फोटो रंगवताना तुमच्या कलाकाराने तो पुसलाय. अंगात आजच्या फौजेचे ठिपक्याठिपक्यांचे कपडे चढवलेत. एकाहत्तरला साधा ऑलिव्ह ग्रीन असायचा. वर मिशीही लावली. दादाला मिशी नव्हती हो. फुटतच नव्हती, त्यावरून आम्ही त्याला चिडवायचो.

‘लहानपणापासून देशसेवेचं वेड.’ वेड होतं ते बनोश्याच्या टुरिंग टॉकीजचं. आमचे बाबा सालदार. पाटलाकडून उचल घ्यायची आणि वर्षभर फेडायची. दादा मॅट्रिकला इंग्रजीत आणि गणितात गेला, तेव्हा पाटील म्हणाले, आता याचंही साल धरा. दुसऱ्या दिवशी तो न सांगता अमरावतीला गेला आणि तिसऱ्या दिवशी भरती होऊन आला. यात कमीपणा काय आहे, की झाकून ठेवलंत?

माहूरच्या रेणुकेला केलेल्या नवसाबद्दल तर काय बोलावं! छप्पन साली बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि घरातले देव नदीत गेले. तेव्हा दादा सात वर्षांचा होता. नवस करायला घरात देव होता कुठे? तुमचा वार्ताहर आमच्या विहारात येऊन गेला, आमचं घर तिथून दोन गल्ल्यांवर. चहा पाजला असता.

आता तारखेचं. ‘ढाक्याच्या विजयात बलिदान’ असं छापलंय. दादा ढाक्याच्या बाजूला नव्हताच, पश्चिम आघाडीवर होता. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, पण पश्चिमेकडे गोळीबार थांबला १७ तारखेला रात्री आठ वाजता. सोळा तारखेला तो जिवंत होता. त्या रात्री ग्रामपंचायतीच्या रेडिओवर बातमी ऐकून गावात गूळ वाटला. मायने तो खाल्ला आणि म्हणाली, “आता येते पोट्टं घरी.” दादा गेला दुसऱ्या दिवशी. आज सतरा तारीख आहे.

आठवड्याने तार आली. इंग्रजीत होती, म्हणून पोस्टमन ती घेऊन आधी शाळेत गुरुजींकडे गेला. गुरुजी आमच्या दारात आले, खाटेवर बसले आणि प्यायला पाणी मागितलं. ते आमच्या घरचं पाणी कधी पीत नसत. मायला तिथेच कळलं.

आणि तुम्ही लिहिता, ‘तिरंग्यात लपेटलेलं पार्थिव गावात आलं तेव्हा पंचक्रोशी लोटली.’ साहेब, एकाहत्तरला जवानांना तिकडेच, आघाडीच्या मागे अग्नी देत. घरोघरी पार्थिव पोचवायची रीत खऱ्या अर्थाने पडली ती कारगिलपासून. आमच्याकडे आली ती काळी पत्र्याची ट्रंक. मूर्तिजापूरहून शकुंतला गाडीने बनोश्याला उतरली आणि तिथून बंडीवर घरी. पंचक्रोशी नव्हती, मी आणि बाबा होतो. मी सोळा वर्षांचा. सोबत इंग्रजी यादी होती, आतल्या एकेका वस्तूला नंबर घातलेला. गुरुजी वाचत गेले आणि बाबा वस्तू काढत गेले. कांबळं, आरसा, मनीऑर्डरच्या पावत्या, माझी पत्रं. मग ‘डबा, पत्र्याचा, एक’. सुट्टी संपवून जाताना मायने डालड्याच्या डब्यात सांडगी मिरच्या भरून दिल्या होत्या. डबा धुऊन ठेवलेला, आत शर्टाच्या गुंड्या आणि सुईदोरा. माय ट्रंकेकडे फिरकली नाही. तो डबा तेवढा चुलीमागे नेऊन ठेवला. घर पाडेपर्यंत तिथेच होता.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांच्या टीव्हीवर कारगिलच्या शवपेट्या विमानातून उतरताना तिने पाहिल्या. घरी येऊन मला विचारलं, “मंग माहा काहून नाई आनला?” अठ्ठावीस वर्षांनी. मी काय सांगणार?

हे सगळं एक वेळ सोडून दिलं असतं. पण तुमच्या लेखाची शेवटची ओळ आहे, ‘वीरमाता म्हणाली, दुसरा मुलगाही देशाला देईन.’ तो दुसरा मुलगा मी आहे. माय २००३ मध्ये गेली, तोवर मी तिच्याजवळच राहिलो. हे वाक्य मी कधी ऐकलं नाही. ती जे म्हणाली ते सांगतो. चौऱ्याहत्तरला अमरावतीला पुन्हा भरती निघाली. मी जायला निघालो तर टीसी सापडेना. सगळं घर पालथं घातलं. माय अंगणात ज्वारी पाखडत होती, मान वर न करता म्हणाली, “एक देल्ला. आता याले काई पाठोत नाई मी.” टीसी ज्वारीच्या कोठीत, तळाशी होती. भरतीचं वय उलटल्यावर तिनेच काढून हातात दिली. त्या वेळी मी तिच्याशी महिनाभर बोललो नव्हतो. तुमच्या वाचकांना ते वाक्य आवडलं असेल, पण ते माझ्या मायच्या तोंडी घालू नका.

पुढे मी एसटीत कंडक्टर झालो, ३१ वर्षं काढली. एका तिकिटाचा हिशोब चुकला तर पैसे खिशातून भरावे लागत. आपल्याकडे काय पद्धत आहे?

मागच्या वर्षी मी स्वतः आपल्या कार्यालयात आलो होतो, दादाच्या नावाने १७ डिसेंबरला चार ओळी छापा म्हणून. मुलाने दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातल्या त्याच्या नावाचा फोटो पाठवला होता, तोही नेला. पंचवीस हजारांवर नावं आहेत तिथे. दगडावर दादाची एकच ओळ, पण पलटणीसकट बरोबर. काउंटरवरच्या मुलीने श्रद्धांजलीचा दर चौरस सेंटीमीटरवर सांगितला, रंगीत पाहिजे तर जास्त. परवडला नाही. यंदा फुकटात पाव पान मिळालं, रंगीत.

खुलासा छापा की नका छापू. छापलात तर माझं नाव घालू नका, तेही चुकेल. एक मात्र करा. वार्ताहर विहारातून नेलेला फोटो दोन दिवसांत परत देतो म्हणाला होता, त्याला आज अकरा दिवस झाले. दुसरी प्रत नाही. सागरच्या कसम परेडच्या दिवशी काढलेला आहे, फ्रेमची खालची काच तडकलेली आहे, ती आधीचीच. गावापर्यंत यायला नको. दर्यापूरच्या स्टँडवर कंट्रोलरकडे ठेवला तरी चालेल, तिथे मला ओळखतात. मी येऊन घेऊन जाईन.

आपला,
एक वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती