बंद करायचा हक्क आहे, मग वाचवायचा का नको?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहरातली जुनी हॉटेलं, टॉकीज, वाचनालयं एकेक करून बंद पडतायत यावर आपल्या पेपरात मध्यंतरी वाचकांची बरीच पत्रं आली, आणि बहुतेकांचा सूर "काळ बदलला, आता काय करणार" असाच होता. मला तो सूर अजिबात पटला नाही, कारण काय करता येतं ते मी यंदा उन्हाळ्यात लंडनला मुलाकडे गेले होते तेव्हा डोळ्यांनी बघून आलेय आणि ते सांगलीकरांना सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये. जागा मात्र एक पब आहे, म्हणून आधीच सांगते की मी दारूला शिवत नाही, आमच्या घरात कोणी घेत नाही, आणि माहेरच्या गावी दारूदुकान बंद करायला आडव्या बाटलीचं मतदान झालं तेव्हा मी बायकांबरोबर उन्हातान्हात घरोघर फिरलेली आहे. दारूनं मोडलेले संसार मी फार जवळून बघितलेत. तरीही हे पत्र लिहितेय.

पबचं नाव आयव्ही हाऊस. दक्षिण लंडनमध्ये नन्हेड म्हणून भाग आहे, मुलगा तिथून जवळच राहतो. १९३०च्या दशकात ट्रूमन नावाच्या जुन्या दारू बनवणाऱ्या कंपनीनं बांधलेली ही इमारत, आत भिंतींना गडद लाकडी फळ्या, आणि मागच्या बाजूला चांगला हॉल, त्याला स्टेज. १९७०च्या दशकात या जागेला न्यूलँड्स टॅव्हर्न म्हणायचे आणि तेव्हा तिथं नवीन पोरांचे बँड वाजायचे, त्यातले काही पुढं जगभर गाजले. मुलानं "आई चल, तुला आवडेल" म्हणून नेलं, मी जरा नाखुशीनंच गेले. रविवारची दुपार होती. दारात एक म्हातारे गृहस्थ आपलं कुत्रं पायाशी घेऊन पेपर वाचत बसलेले, आत एका मोठ्या टेबलावर आजी, लेक, नातवंडं असं अख्खं कुटुंब जेवत होतं आणि दोन पोरं टेबलाखाली गाड्या खेळत होती. वेटर येत नाही, आपणच काउंटरवर जाऊन मागायचं आणि तिथंच पैसे द्यायचे. मी लिंबू-सोडा मागितला, त्या मुलीनं काही विचित्र न बघता दिला. बोर्डावर कागद लावलेले, गाण्याच्या ग्रुपची वेळ, योगाच्या क्लासची वेळ, लोकगीतांची संध्याकाळ. मी तासभर तरी बसले असेन, एकही माणूस झिंगलेला दिसला नाही, आणि एकटी बसलेली बाई सुद्धा निवांत बसलेली होती, तिच्याकडं कोणी वळून बघत नव्हतं. आपल्याकडं एकट्या बाईनं बाहेर निवांत बसावं अशी एक तरी जागा आहे का हे गावातल्या कोणत्याही बाईला विचारा.

आता खरी गोष्ट. २०१२ साली या पबच्या मालक कंपनीनं चालवणाऱ्यांना सांगितलं की बंद करा, इमारत विकायची आहे. तिकडं पब का बंद पडतात याचं उत्तर सरळ आहे, सुपरमार्केटात बिअर स्वस्त मिळते, लोक घरी बसून पितात, आणि लंडनसारख्या ठिकाणी चालत्या पबपेक्षा त्याच जागेवर फ्लॅट बांधले तर पैसा कितीतरी जास्त. म्हणजे आपल्याकडचंच दुखणं. पण तिथल्या गल्लीतल्या लोकांनी हार मानली नाही. आधी त्यांनी धावपळ करून इमारतीला वारसा इमारत म्हणून ग्रेड टू दर्जा मिळवला, त्यामुळं ती पाडता येईना. मग त्यांना हाताशी आला एक नवा कायदा, लोकॅलिझम ॲक्ट २०११.

हा कायदा मी मुलाकडून आणि त्याच्या एका मित्राकडून नीट समजून घेतला, नोकरीची सगळी वर्षं पतसंस्थेत गेल्यामुळं मला असल्या गोष्टींची आवडच आहे. तर तो असा, की एखादी जागा लोकांच्या रोजच्या वापरातली असेल, मग ती पब असो, दुकान असो, वाचनालय असो, तर तिथल्या किमान २१ स्थानिक लोकांनी एकत्र येऊन सुद्धा कौन्सिलकडं, म्हणजे तिथल्या महापालिकेकडं, अर्ज करता येतो की ही जागा समाजाच्या उपयोगाची म्हणून यादीत घाला. कौन्सिलनं आठ आठवड्यांत निर्णय द्यायचा. यादीत नाव पाच वर्षं राहतं. त्या काळात मालकाला जागा विकायची असेल तर त्यानं कौन्सिलला कळवायचं, मग लोकांना सहा आठवडे मिळतात "आम्हाला घ्यायची इच्छा आहे" असं सांगायला, आणि तसं सांगितलं तर सूचना दिल्यापासून एकूण सहा महिने मालक दुसऱ्या कोणाला विकू शकत नाही. बास, एवढंच. सहा महिन्यांनंतर मालक मोकळा, लोकांनाच विकलं पाहिजे असं बंधन नाही, कमी भावात द्या असंही नाही. मालकावर अन्याय होतोय असं कोणी म्हणू शकणार नाही, आणि लोकांना जी एक गोष्ट कधीच मिळत नाही ती मिळते, म्हणजे वेळ. आपल्याकडं जागा विकली गेल्याचं कळतं ते पत्रे ठोकल्यावर.

आयव्ही हाऊस ही या यादीत आलेली अख्ख्या देशातली पहिली जागा आणि या कायद्याखाली लोकांनी विकत घेतलेली पण पहिली. मार्च २०१३ मध्ये ८ लाख १० हजार पौंडांना घेतली, त्या वेळच्या भावानं साडेसहा कोटी रुपयांच्या पुढं. एवढा पैसा गल्लीतल्या लोकांच्या खिशात नसतो हे उघड आहे, खरेदीसाठी आर्किटेक्चरल हेरिटेज फंड या जुन्या इमारतींसाठी कर्ज देणाऱ्या संस्थेचं कर्ज मिळालं आणि काही अनुदान मिळालं. नंतर शेअर काढले. ३७१ लोकांनी मिळून १ लाख ४२ हजार ६०० पौंड भरले, मी तिथंच बसून मोबाईलवर भागाकार केला, सरासरी माणशी ३८४ पौंड पडतात. कोणी जास्त भरले असतील कोणी कमी, पण मत सगळ्यांना एकच. एक सभासद एक मत! मी हे ऐकलं आणि मुलाला म्हटलं अरे हे तर आपलंच आहे, हे मी आयुष्यभर केलंय, सभासद रजिस्टर, भागभांडवल, वार्षिक सभेची नोटीस, सगळं तेच. सांगली जिल्ह्यातल्या पोराला सहकार शिकवावा लागत नाही. आपल्या बापजाद्यांनी शेअर भरून साखर कारखाने उभे केले, दूध संघ काढले, सूतगिरण्या काढल्या, राज्याचा सहकार कायदा १९६०चा आहे आणि त्यातही एका सभासदाला एकच मत आहे, शेअर कितीही असू देत.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल की सहकाराचं आपल्याकडं काय झालं ते आम्हाला माहितीये. मलाही माहितीये, पतसंस्थेत अडकलेल्या ठेवींसाठी म्हातारी माणसं काउंटरवर येऊन रडायची ते मी समोर बसून बघितलंय, ते विसरता येत नाही. आणि आयव्ही हाऊस म्हणजे रामराज्य आहे असंही मी म्हणत नाही. २०१८ साली तिथंच चार कामगारांना कामावरून काढलं म्हणून बाकीच्यांनी संप केला, युनियन उतरली, पबच्या दारात निदर्शनं झाली, आणि मग त्या चौघांना परत घ्यावं लागलं, कामाच्या तासांची हमी पण द्यावी लागली. लोकांच्या मालकीची जागा म्हणजे तिथं भांडण होणार नाही असं नाही. पण भांडण झालं ते गल्लीतल्या गल्लीत झालं, मालक कोण हे कामगारांना माहिती होतं, आणि ते मालक रोज त्याच रस्त्यावरून जाणारे होते. लांबच्या कंपनीच्या ऑफिसला कोण विचारतो.

आणि हे फक्त लंडनमध्ये चालतं असंही नाही. इंग्लंडच्या उत्तरेला हेस्केट न्यूमार्केट हे लहानसं खेडं, तिथला ओल्ड क्राउन पब २००३ मध्येच गावकऱ्यांनी सहकारी पद्धतीनं घेतला, म्हणजे हा कायदा यायच्या कितीतरी आधी. यॉर्कशायरमधल्या हडस्वेल गावात एकच पब होता तो २००८ मध्ये बंद पडला, गावानं वर्गणी काढून २०१० मध्ये परत उघडला आणि त्यातच छोटं वाचनालय आणि किराणा दुकान पण घातलं, कारण गावात तेही राहिलं नव्हतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लोकांनी दारू वाचवली नाही, बसायची जागा वाचवली.

आता आपल्याकडं येते. आपल्या राज्यात नियम आहे की गावातल्या किंवा वॉर्डातल्या बायकांनी मागणी केली तर दारूदुकानावर गुप्त मतदान होतं आणि निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. फार मोठा हक्क आहे हा, किती गावांना त्यानं वाचवलंय. म्हणजे एखादी जागा वस्तीला नको असेल तर तसं म्हणायची सोय कायद्यानं करून दिलीय. मग एखादी जागा वस्तीला हवी असेल तर तसं म्हणायची सोय का नाही? मालकाच्या मालकीला हात न लावता, नुसते सहा महिने थांबा एवढंच म्हणायची?

हे मी हवेत बोलत नाहीये. आमच्या गावभागात एक जुनं चहाचं हॉटेल आहे, नाव लिहीत नाही कारण मालकांना ते आवडणार नाही. दगडी टॉपची टेबलं, लाकडी खुर्च्या, सकाळी सहाला पहिला चहा. भिंतीवर २००५च्या पुराची रेघ लाल रंगात मारलेली आहे आणि तिच्या बरीच वर २०१९ची, त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर गल्लीत सगळ्यात आधी चूल पेटली ती या हॉटेलाची, चिखल काढता काढता मालकांनी बाहेर रस्त्यावर मोठं पातेलं मांडलं आणि जो येईल त्याला चहा दिला, पैशाचं नाव नाही. कोणाच्या घरात किती पाणी, कोणाचं जनावर गेलं, पंचनामा कधी, कुठला फॉर्म कुठं भरायचा, हे सगळं तिथं कळायचं. तलाठी ऑफिसला जायच्या आधी लोक तिथं यायचे. नाटकवाली पोरं तिथंच बसून संहिता वाचतात, आणि विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ज्या गावात मराठी रंगभूमी सुरू केली त्या गावात पोरांना तालमीला हॉलचं भाडं परवडत नाही ही वेगळीच खंत आहे.

मालक आता थकलेत. मुलं पुण्याला, त्यांना यात रस नाही आणि त्यात त्यांची काही चूक नाही. बिल्डरचा माणूस येऊन गेलाय हे गल्लीत सगळ्यांना माहितीये. परत आल्यावर मी जाऊन मालकांशी बोलले, म्हटलं काका, गल्लीनं मिळून घेतलं तर द्याल का. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "वहिनी, मला भाव मिळाला तर मला काय, उलट बोर्ड तोच राहील." फक्त त्यांना अनिश्चित काळ थांबायचं नाही, आणि ते बरोबरच आहे, त्यांनाही म्हातारपण आहे.

तर माझी मागणी दोन ठिकाणी आहे. एक आमच्या आमदार-खासदारांकडं, की इंग्लंडच्या कायद्यासारखी थांबायची मुदत आपल्या राज्यात आणा, सगळ्या जागांना नको, वस्तीनं अर्ज करून ज्यांची नावं दिलीत त्यांनाच, आणि यादी महापालिकेनं ठेवावी, नगरपालिकेनं ठेवावी. त्याला सरकारचा एक पैसा लागत नाही. दुसरी सहकारातल्या लोकांकडं. ऊस, दूध, कर्ज यापलीकडं सहकार जायला हवा. गल्लीतलं हॉटेल, वाचनालय, तालीम, बंद पडलेली टॉकीज, यांच्यासाठी सहकारी संस्था नोंदवायची तर पोटनियम कसे असावेत, इमारत तारण ठेवून कर्ज कोण देईल, जिल्हा उपनिबंधक कार्यालयात कुठल्या प्रकारात नोंदणी होईल, हे जाणकारांनी आपल्याच पेपरात लिहावं. आणि ऑडिट दरवर्षी बाहेरच्या माणसाकडून, हिशोब हॉटेलच्या भिंतीवर लावायचा, चहा पिता पिता कोणीही वाचावा. मागं ज्यांचे हात पोळलेत त्यांना याशिवाय विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये.

गल्लीतल्या लोकांची पहिली बैठक आम्ही घेतली, हॉटेल बंद झाल्यावर रात्री तिथंच. अपेक्षेपेक्षा बायका जास्त आल्या. एकीनं विचारलं की सभासद झालो तर आम्हाला पण आत येऊन बसता येईल ना, तर मालक म्हणाले आजपण येता येतं की, तर ती म्हणाली येता येतं पण बसता येत नाही. हा मुद्दा पोटनियमात घालायचं ठरलंय, बायकांसाठी बाजूला पडदा लावून नाही, सगळ्यांच्यात. शेअर किती रुपयांचा ठेवायचा यावर वाद झाला, काही म्हणाले पाच हजार, मी म्हटलं पाचशे, म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या मावशी पण सभासद होतील. अजून ठरलेलं नाही. मालकांनी दिवाळीपर्यंत थांबायचं तोंडी कबूल केलंय, तोवर आम्हाला संस्था नोंदवायची आहे आणि मूल्यांकन करून घ्यायचं आहे. वारसा इमारतींच्या कामातले कोणी वास्तुरचनाकार किंवा सहकार खात्यातून निवृत्त झालेले कोणी हे वाचत असतील तर संध्याकाळी सहानंतर गावभागात या, कोणालाही विचारा, हॉटेल दाखवतील.

आपली,
पतसंस्थेतून निवृत्त झालेली एक वाचक,
गावभाग, सांगली