बिनतेलाची अंडी शिकवणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

राजमाचीला, उधेवाडीत शेजारच्या तंबूत तुम्ही होतात. नाव-नंबर विचारायचं राहून गेलं, म्हणून हे उघड पत्र. कुणीतरी ओळखीचं वाचेल आणि तुम्हाला दाखवेल, एवढ्याच भरवशावर लिहितेय.

आमची तेलाची बाटली सॅकमध्येच सांडली होती. कपडे तेलकट, पोरं भुकेली, आणि हाताशी डझनभर अंडी. तुम्ही म्हणालात, "अंड्याला तेल लागतंय कशाला? झाकण आहे ना?"

आधी तुम्ही पातेल्यात जेमतेम दोन बोटं पाणी घेतलंत. त्याला खळखळून उकळी आल्यावर अंडी हलकेच सोडलीत आणि वर घट्ट झाकण. अर्धी अंडी पाण्याबाहेर बघून मी शंका काढली, तर म्हणालात की वाफही उकळत्या पाण्याइतकीच गरम असते, मग भांडंभर पाणी तापवण्यात गॅस का जाळायचा? बारा मिनिटांत काम झालं. गार पाण्यात टाकून सोललं तर टरफल सरसर निघालं. अंडी थंड पाण्यात ठेवून तापवत नेली की पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला चिकटतो, उकळत्या पाण्यात टाकली की सुटतो, हे मला इतकी वर्षं स्वयंपाक करून माहीत नव्हतं! कळसूबाईवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, तिथं दोन-तीन मिनिटं जास्त द्या, हेही तुम्हीच सांगितलंत.

मग पोरांसाठी हाफ फ्राय. नॉनस्टिक तव्यावर दोन चमचे पाणी, ते चुरचुरलं की अंडं फोडायचं आणि लगेच झाकण. वरचा भाग वाफेवर शिजतो, उलटायची भानगड नाही. धाकट्याने निखाऱ्यात अख्खं अंडं पुरायचा हट्ट धरला, तेव्हा आत वाफ कोंडून ते फुटतं हे तुम्ही न रागावता समजावलंत. टरफलं पिशवीत भरून खाली न्यायला लावलीत, त्याचेही आभार. गडावर तो कचरा किती दिसतो, काय सांगू.

घरी आता हे नेहमीचं झालंय. यांना डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलंय. कांदा, मिरची, कोथिंबीर, हळद, मीठ घालून फेटलेलं अंडं स्टीलच्या वाटीत घालते. वाटीला आतून केळीच्या पानाचा तुकडा लावला की चिकटत नाही. इडलीपात्रात मंद आचेवर दहा मिनिटं. आच मोठी झाली तर अंड्याला जाळी पडते आणि ते रबरासारखं लागतं. भुर्जीही जमते. कांदा-टोमॅटो मीठ घालून झाकून ठेवायचे, त्यांच्याच पाण्यात मऊ झाले की अंडी घालून सावकाश हलवायचं. खरं सांगते, गाडीवरच्या भुर्जीची सर नाही तिला. पण भाकरीबरोबर छान लागते.

अंडी पोह्यांच्या डब्यात खुपसून न्यायची तुमची युक्ती तर आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनीच उचलली. एकही फुटत नाही, आणि सकाळी त्याच पोह्यांचा नाश्ता.

एक विचारायचंच राहिलं. उकडलेल्या अंड्यावर तुम्ही एका छोट्या डबीतून काळपट चटणी भुरभुरवली होती. मी कारळ्याची करून बघितली, जवसाचीही केली, पण ती चव काही येत नाही. कशाची होती हो?

तुमची,
शेजारच्या तंबूतली