पॉलिशवाल्या पोरांच्या मास्कचे पैसे कोटेशनमधेच धरा

मा. संपादक,

दिवाळी जवळ आली की सोसायट्यांमधे फर्निचर पॉलिशची कामं निघतात, जिन्यात पाऊल टाकलं की थिनरचा वास, आपण नाक दाबून पटकन वर जातो पण आत पोरं दिवसभर स्प्रे मारत असतात त्यांचं काय? थिनरमधे बरेचदा टोल्युइन नावाचं रसायन असतं. रंग, शाई, चपलांचं सोल्यूशन, सगळीकडे ते लागतंच, भराभर उडतं म्हणून तर पॉलिश लवकर वाळतं. पण उडून जातं कुठे, तर त्या पोरांच्या छातीत. त्यात ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद ठेवायला आपणच सांगतो!

आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि हेच वर्षानुवर्षं चाललं तर स्मरणशक्ती, कान, रंग ओळखायची नजर सगळ्यावर परिणाम होतो. थोड्या वेळाने नाकाला सवय होऊन वासच कळेनासा होतो, मग पोरगं म्हणतं काही होत नाही काका, आणि आपण पण गप्प बसतो. रुमाल किंवा कोरोनातला मास्क बांधून धूळ अडते, वाफ नाही, तिला कार्बन कार्ट्रिजवालाच, म्हणजे वाफ शोषणारी कोळशाची डबी बसवलेला मास्क लागतो. संध्याकाळी हात पण थिनरनेच धुतात, कातडी फाटते आणि थोडं अंगातही मुरतं.

आगीची भीती वेगळीच. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगी मिळताच वाफ पेटू शकते ते सगळ्यात कमी तापमान, साधारण 4 अंश सेल्सियस, म्हणून आपल्याकडे थंडीतसुद्धा वाफ पेटू शकते, आणि ती हवेच्या तिप्पट जड, फरशीलगत सरकत देवघरातल्या समईपर्यंत जाऊ शकते.

1948 च्या कारखाना कायद्याच्या शेड्यूलमधे टोल्युइनला 8 तासांच्या सरासरीने 100 पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) मर्यादा घातली होती, पण ती कारखान्यांना, बंद बेडरूममधे मोजायला कोण येणार? तिथे जबाबदारी काम सांगणाऱ्याचीच. लाखभराचं पॉलिश करून घेताना मास्क आणि एक्झॉस्ट फॅनचे पैसे कोटेशनमधेच धरा, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा, धूळ बसली तर परत घासता येतं. आणि दुकानदारांनी पाण्याच्या बाटलीत सुटं थिनर देणं बंद करावं, घरात लहान मूल असेल तर ते पाणी समजून तोंडाला लावेल. डब्यावरचा इशारा मराठी-हिंदीत ठळक छापायची सक्ती सरकारने करावी, कारण आत्ता तो असतो बारीक इंग्रजीत आणि डबा उघडणाऱ्याला तो वाचताच येत नाही.

— एक वाचक, डोंबिवली