काळी पाचाचा तंबोरा

ल्यों, फ्रान्स

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तंबोरा वाजवणाऱ्या माझ्या प्रोग्रामची भाषा मी का बदलली, या गेल्या रविवारी तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी अर्धवट दिले, कारण ते फोनवर उरकण्यासारखे नव्हते. "भाषा बदलायचीच होती, तर चार लोकांना येते ती घ्यायची; ही कोणती आडवाटेची धरलीस?" असे तुम्ही म्हणालात. सप्त्यात काकड्याच्या वेळी माझा फोनवरचा तंबोरा मध्येच टक् टक् करू लागला आणि भजनी मंडळाने तो बंद करून नुसत्या पेटीवर निभावून नेले, हे आईने सांगितले तेव्हाच मी पहिला प्रोग्राम मोडीत काढायचे ठरवले होते. दोष फोनचा नव्हता, माझा होता.

फोन आवाज मागतो तो आकड्यांच्या घासांनी. सेकंदाला 48,000 आकडे लागतात आणि एका घासात 192 धरले, तर दर चार मिलिसेकंदांनी नवा घास तयार असावा लागतो. पहिला तंबोरा मी जावामध्ये लिहिला होता. त्या भाषेत वापरून झालेली मेमरी झाडून काढण्याचे काम भाषा स्वतःच करते, पण ते केव्हा करायचे हेही तीच ठरवते. मारुतीच्या पारापुढे पंगत बसलेली असताना वाढप्याने बादली खाली ठेवून उष्ट्या पत्रावळी उचलायला घेतल्या तर जसे होईल, तसेच हे आहे. ती झाडलोट दहा मिलिसेकंद चालली, तरी दोन घास चुकतात आणि ऐकणाऱ्याला टक् असे ऐकू येते. दुकानाचे बिल तेवढे थांबले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. सुराचे तसे नाही.

नव्या भाषेचे नाव फाउस्ट. ती 2002 साली याच गावात, ग्राम नावाच्या संगीत केंद्रात, यान ओर्लारे, दोमिनिक फोबर आणि स्तेफान लेत्झ यांनी तयार केली. (ग्राम म्हटल्यावर तुम्हाला जुन्या संगीतशास्त्रातला षड्जग्राम आठवेल, पण तो निव्वळ योगायोग आहे.) या भाषेत फक्त ध्वनीबद्दलच बोलता येते. ध्वनी आत घेऊन ध्वनी बाहेर देणाऱ्या डब्या असतात, आणि त्या एकीपुढे एक, शेजारी-शेजारी, फाटा फोडून, एकत्र मिळवून किंवा फेर धरून अशा पाच प्रकारे जोडता येतात. किती मेमरी लागणार हे प्रोग्राम तयार होतानाच ठरलेले असल्यामुळे चालू गाण्यात पत्रावळी उचलण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय ती या जोडणीचा नकाशा आपोआप काढून देते. माझ्या तंबोऱ्याचा नकाशा छापून सोबत पाठवीत आहे. त्यातल्या चार सारख्या चौकटी म्हणजे आपल्या चार तारा.

या क्षेत्रात चार लोकांना येणारी भाषा म्हणाल, तर ती सी प्लस प्लस. तिच्यात हेच काम निश्चित होते आणि बहुतेक जण तसेच करतात. परंतु फाउस्टमधल्या माझ्या पन्नासेक ओळींतून सी प्लस प्लसचाच मजकूर तयार होतो, आणि तो मी हाताने लिहिला असता तर त्यात चुका राहिल्या असत्या, एवढे स्वतःला मी ओळखते. म्हणून आडवाटेने गेले तरी हमरस्ता सुटत नाही, असे माझे मत आहे.

आता तुमची दुसरी तक्रार: तंबोरा पेटीशी भांडतो. ती अगदी खरी होती. तार बनवण्याची जी रीत मी वापरते, ती केव्हिन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केली. काही आकडे एका चक्रात फिरत ठेवायचे आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी घ्यायची, की छेडलेल्या तारेसारखा नाद निघून हळूहळू विरतो. चक्र जितके लांब, तितका सूर खाली. आपले मंडळ काळी पाचात गाते; तिथला सा सेकंदाला साधारण 233.08 कंपनांचा, म्हणजे चक्र 205.94 आकड्यांचे हवे. सरासरी घेण्यातच अर्ध्या आकड्याचा उशीर होतो, तेव्हा उरले 205.44. मी चक्रात सरळ 205 आकडे धरले होते, आणि त्यामुळे सूर अर्ध्या कंपनाने चढला. पेटी लावली की दर दोन सेकंदांना जी लाट येत होती, ती हीच. फाउस्टमध्ये अपूर्णांकाचा उशीर देणारी डबी तयारच मिळते. तरी पंचमात थोडे भांडण उरेल, पण तो दोष पेटीचा आहे, कारण तिचा पंचम मुळातच किंचित उतरलेला असतो. तिथे मी माघार घेणार नाही.

या भाषेच्या अडचणी लपवीत नाही. तारांची संख्या आधीच ठरवावी लागते. पडद्यावरची बटणे आणि निवडलेली पट्टी लक्षात ठेवणे यांसाठी दुसरी भाषा घ्यावी लागते. आणि अडले तर विचारायला माणसे थोडी. फेर धरणाऱ्या जोडणीत एका आकड्याचा उशीर मुळातच दडलेला असतो, हे मला ठाऊक नव्हते. सूर एका कंपनाहून जास्त उतरत होता आणि मी तीन दिवस भलतीकडेच शोधत बसले होते.

खरा अडथळा मात्र जवारीचा, म्हणजे तार घोडीवर सूत घालून टेकवल्याने उठणाऱ्या भरदार नादाचा आहे. सरासरी घेत राहिले की वरचे बारीक स्वर आधी मरतात, तर आपल्या तंबोऱ्यात तेच नंतर उमलतात. तार ज्या जागी छेडली, तिथे ज्या वरच्या स्वराचा स्थिर बिंदू असतो तो निघू नये, असा साध्या तारेचा नियम. तंबोऱ्यात तोही ऐकू येतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्येच दाखवून दिले होते. तार घोडीच्या उतारावर टेकत-सुटत राहते आणि खालच्या स्वराचे बळ वरच्या स्वरांना मिळते. मी तारेच्या हेलकाव्याप्रमाणे चक्राची लांबी अगदी किंचित कमी-जास्त करून पाहते आहे. नाद आला आहे, पण तो अजून सतारीसारखा किणकिणतो, आणि तो ऐकून सांगणारा कान इथे कोणाकडे नाही.

म्हणून एक काम करावे. मंडळाचा मिरजेचा जुना तंबोरा, भोपळ्याला तडा गेला असला तरी, काळी पाचात लावून प्रत्येक तार एकेकटी छेडावी: आधी सुताशिवाय, मग सूत घालून, आणि मग सूत मुद्दाम थोडे सरकवून. तार पूर्ण विरेपर्यंत दुसरी छेडू नये. फोन हातभर अंतरावर, भोपळ्यासमोर ठेवावा. वीज गेलेली असेल ती वेळ धरावी, म्हणजे पंखा आणि शेजारची गिरणी दोन्ही बंद असतील. सूत घोडीच्या कडेपासून किती आत बसले, तेही पट्टीने मोजून मिलिमीटरमध्ये लिहून पाठवावे.

आईस साष्टांग नमस्कार.

तुमची लेक